रकाना अकरा

विडी घरकुलात दुपारी दोनला
माणसांपेक्षा सुपं जास्त दिसतात.
उंबऱ्याउंबऱ्यावर एकेक, मांडीत.
सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, पत्र्याचा फर्मा,
आणि वर एक बाई, मान खाली घातलेली.

मी फॉर्म घेऊन जाते. अभ्यासाचा आहे:
फुप्फुसाचा कर्करोग लवकर कसा सापडेल,
म्हणजे मशिनीखाली आधी कुणाला घ्यायचं.
रकाना अकरा. धूम्रपान करता का?
हो, तर दिवसाला किती, किती वर्षं.
नाही, तर मुलाखत इथेच संपवा, आभार माना.

राजमणी गड्डम हसल्या.
"लेदू. आयुष्यात एक नाही ओढली.
मला वासच सहन होत नाही बघ."
म्हणाल्या, आणि खोकल्या,
सुपावर पदर धरून,
तंबाखू उडू नये म्हणून.

सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या.
थुंकीत काही निघालं नव्हतं, फोटोत डाग होता,
आणि डाग म्हणजे टीबी,
हे इथं शाळेतलं पोरही सांगतं.
लघवी लाल झाली, डाग जागचा हलला नाही.
ब्लाउज दोनदा आत घेतला, तिसऱ्यांदा सुनेचा घातला,
तेव्हा कुणीतरी म्हणालं, सिव्हिलला जा,
त्या गोल मशिनीत आडवं झोपवतात तिथं.
डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावलं.
"घरात कोण ओढतं?"
"कोणीच नाही," मुलगा म्हणाला,
"आम्ही फक्त बनवतो."

फॉर्मच्या पाठीवर मी पेन्सिलीने हिशेब मांडला.
दिवसाला हजार. वर्षाचे तीनशे दिवस धरले.
बाळंतपणं वजा करू का, विचारलं.
"बाराव्याला सूप मांडीवर होतं," त्या म्हणाल्या.
मग वजाबाकी नाही. अडतीस वर्षं.
एक कोटी चौदा लाख.

रकाना तीन अंकांचा आहे.

संध्याकाळी सरांना फोन केला.
न ओढणाऱ्या बायका निकषात बसत नाहीत, ते म्हणाले,
निकष बाहेरून आलेत,
मध्येच काही घातलं तर आकडे बिघडतात.
माणूस वाईट नाही. चहा पाजतो, भाड्याचे पैसे वेळेवर देतो.
पण मला कारखान्यातला तो तपासणारा आठवला,
विड्यांच्या ढिगातून मूठभर बाजूला सारणारा:
ही ढिली, ही वाकडी, हिचं तोंड उघडं.
छाट म्हणतात तिला.
छाटीचे पैसे मिळत नाहीत,
आणि छाट परतही मिळत नाही.

बिघडू देत, असं म्हणायचं होतं.
"बरं सर" म्हणाले.
माझी आई मागावर कांड्या भरायची.
तिच्या खोकल्याला आम्ही घरात 'कापूस' म्हणायचो, लाडानं.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं,
नाहीसुद्धा म्हणायची वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी राजमणींच्या घरी पुन्हा गेले,
सही राहिली होती एक. त्या आत पडून होत्या.
सूप आता श्रीलताच्या मांडीत.
पान कातरता कातरता ती म्हणाली,
"माझं नाव घे. सत्तावीस. नववीपासून वळते."
"खोकला?"
"नाही अजून."
आतून राजमणी ओरडल्या, "मग कशाला उगाच?"
"नाही म्हणूनच," श्रीलता म्हणाली,
आणि कात्री थांबली नाही.

पट्टी नव्हती माझ्याकडे.
तिनंच फर्मा पुढे केला, ओला, पानाचा हिरवा लागलेला.
त्याच्या कडेनं समासात रेघ ओढली
आणि लिहिलं:
अकरा-अ. वळलेल्या किती?

"कागद जरा लांब धर," ती म्हणाली,
"तंबाखूचे डाग पडतील."

पडले.